हिशेब कुणाला वाचून दाखवायचा?

आग्रही : सरकारी पैशाचा हिशेब तपासणाऱ्या माणसाला हे काम कुणी शिकवतं का, इथूनच मी सुरुवात करतो. भारताच्या महालेखापरीक्षकांच्या खात्यात शिकवतात. सिमल्याला १९५० पासून त्यांची राष्ट्रीय अकादमी आहे. पर्यावरणाच्या लेखापरीक्षणासाठी जयपूरला वेगळं केंद्र आहे. २०२४ च्या जुलैत राजकोटला तर फक्त स्थानिक स्वराज्य संस्थांच्या लेखापरीक्षणासाठी आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू झालं. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या वणीहून निघालेला रस्ता सापुताऱ्याला गुजरातेत शिरतो, म्हणजे राजकोट शेजारच्याच राज्यात. आणि आपल्याकडे, महाराष्ट्रात काय? सुमारे २८ हजार ग्रामपंचायती, त्यांच्यावर पंचायत समित्या आणि जिल्हा परिषदा, आणि स्थानिक निधीच्या लेखापरीक्षेचा कायदा १९३० चा. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्या दौऱ्यावर मला आदल्या वर्षीच्या अहवालाची प्रत मिळाली आणि ‘याच्यासारखं लिहा’ एवढी सूचना मिळाली. त्या वर्षी मी लिहिलेले पॅरे, म्हणजे आक्षेपांचे परिच्छेद, गावाचं नाव आणि रकमा बदलल्या असत्या तर कुठल्याही गावाला लागू पडले असते. त्याची लाज मला आजही वाटते. माझे वरिष्ठ वाईट नव्हते. त्यांनाही कुणी तसंच शिकवलं होतं. पुढे ‘यशदा’ या सरकारी प्रशिक्षण संस्थेत चार-पाच दिवसांचे वर्ग मिळाले, चांगले मिळाले, पण तोवर हाताला वळण लागून गेलं होतं.

म्हणून मला स्थानिक संस्थांच्या लेखापरीक्षकांसाठी एक प्रबोधिनी हवी आहे, आणि ती वणीला हवी आहे. इथून तासा-दीड तासाच्या अंतरात हिशेबाचे सगळे प्रकार भेटतात. वणीची स्वतःची मोठी, बाजारपेठेची ग्रामपंचायत आहे. टोमॅटोच्या हंगामात गजबजणारा बाजार समितीचा उपबाजार आहे, विविध कार्यकारी सोसायट्या आहेत, करंजवण, पुणेगाव, ओझरखेड ही धरणं आहेत. सप्तशृंगी गडाच्या पायथ्याला नांदुरीसारखी छोटी गावं चैत्रात आणि नवरात्रात यात्रेची गर्दी पेलतात. आणि वर सुरगाणा, कळवणकडे पेसा कायद्याखालचे आदिवासी पाडे आणि आश्रमशाळा आहेत. डॉक्टर दवाखान्यात शिकतो, तसा लेखापरीक्षक गावात शिकला पाहिजे.

साशंक : साहेब, नाशिकला प्रबोधिन्या कमी नाहीत. पोलिसांची अकादमी आहे, इंजिनियरांची ‘मेटा’ आहे, मुक्त विद्यापीठ आहे, आरोग्य विद्यापीठ आहे. आणखी एक इमारत उभी राहील, कोनशिला बसेल, वसतिगृह होईल. त्याला माझी हरकत नाही. माझी हरकत वेगळी आहे. पाच वर्षं मी सरपंच होते, वणीजवळच्या एका लहान गावात. तपासणीला आलेली माणसं मी जवळून पाहिली. त्यांना काही येत नव्हतं असं मला कधी वाटलं नाही. त्यांना फार येत होतं. अमक्या प्रमाणकावर पावतीचं तिकीट नाही, तमक्या ठरावावर सूचकाचं नाव आहे, अनुमोदकाचं नाही, साठा नोंदवहीत दोन झाडू कमी आहेत. सगळं बरोबर होतं. त्याच वर्षी आमच्या वरच्या वस्तीला पाण्याची टाकी बांधली गेली होती आणि त्या टाकीत उन्हाळ्यात थेंब नव्हता. तपासणीला आलेला माणूस टाकीपर्यंत गेला नाही. वस्ती दोन किलोमीटरवर, ऊन फार होतं. टाकीचं अंदाजपत्रक होतं, मोजमाप पुस्तिका होती, पूर्णत्वाचा दाखला होता, देयक होतं. कागदावर टाकी भरलेली होती. पॅरा निघाला तो झाडूंवर.

तुम्ही अशा माणसाला सहा महिने शिकवलंत तर तो झाडूंचा हिशेब आणखी बारकाईनं करील. चुकीचं काम नीटनेटकं करायला शिकवणं मला नको आहे.

आग्रही : तुम्ही जे सांगितलंत ना, ताई, तोच माझा पुरावा आहे. माणूस झाडू मोजतो कारण त्याला झाडूच मोजता येतात. नियमाप्रमाणे झालं की नाही हे पाहणं एक, आणि पैशाचं काम झालं की नाही हे पाहणं दुसरं. दुसरं अवघड आहे. ते नियम पाठ करून येत नाही.

टाकीचंच बघू. मला कुणी विचारलं, टाकीत पाणी येत होतं का, तर मी टाकीकडे नंतर जाईन. आधी पंपाच्या विजेची बिलं मागवीन, महिन्यामहिन्याची. मोटर चालली असेल तर युनिट पडलेच पाहिजेत. मग साठा नोंदवही उघडून टीसीएल पावडर दर महिन्याला किती काढली ते पाहीन. ही पावडर पाण्यात टाकतात, म्हणजे पाणी असेल तरच ती लागेल. मे महिन्यात पावडर जुलैइतकीच खर्ची पडली असेल आणि त्याच महिन्यात तहसिलात गावाच्या टँकरची नोंद असेल, तर दोन्हींतली एक नोंद खोटी आहे. एवढं झाल्यावर मी दोन किलोमीटर चालत जाईन, आणि तेव्हा मला तिथे काय विचारायचं ते माहीत असेल. कुठल्या बाईला विचारायचं तेही. पाणी भरणाऱ्या बाईला, ठेकेदाराच्या माणसाला नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. बारा वर्षं लागली मला हे सुचायला. या बारा वर्षांत मी किती टाक्या भरलेल्या म्हणून सोडून दिल्या असतील, त्याचा हिशेब कोण करणार? एक चांगला शिक्षक हे दोन दिवसांत शिकवू शकतो.

आणि आता तर गरज वाढली आहे. २०२० च्या एप्रिलपासून पंचायतींचं लेखापरीक्षण ‘ऑडिटऑनलाइन’वर येऊ लागलं. त्याच महिन्यात ई-ग्रामस्वराज आलं. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना २ लाख ३६ हजार ८०५ कोटी रुपये सुचवले, त्यांतले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिले, आणि लेखे ऑनलाइन दिसलेच पाहिजेत अशी अट घातली. अट चांगली आहे. पण तपासणारा आता गावात न जाताही तपासू शकतो. प्रमाणकाचा फोटो पडद्यावर येतो. न शिकलेल्या माणसाला पडदा दिलात तर वरची वस्ती त्याच्यापासून दोन किलोमीटर राहणार नाही, पन्नास किलोमीटर लांब जाईल.

साशंक : विजेच्या बिलाची गोष्ट मला आवडली. खरंच आवडली. आमच्या भाऊसाहेबांना, म्हणजे ग्रामसेवकाला, ती सांगितली असती तर त्यांनी बिलंही जुळवून ठेवली असती. हसण्यावारी नेऊ नका, साहेब. तपासणारा एक पाऊल पुढे गेला की कागद करणारा दोन जातो. पण तो मुद्दा मी सोडते, कारण त्याहून मोठा एक आहे.

समजा तुम्ही शोधलंत. टाकी कोरडी आहे हे सिद्ध केलंत, अर्धसमास पत्र देऊन खुलासा मागितलात, उत्तर समाधानकारक नाही असं लिहिलंत, पॅरा कायम ठेवलात. पुढे? तो अहवाल वर जातो. जिल्हा परिषदेत जातो, अनुपालन मागितलं जातं, अनुपालन येत नाही, स्मरणपत्र जातं. ग्रामपंचायतीच्या दप्तरात नमुना २७ आहे, लेखापरीक्षणातल्या आक्षेपांचं मासिक विवरण. दर महिन्याला भरायचं असतं. किती आक्षेप होते, किती निकाली निघाले, किती शिल्लक. आमच्याकडे त्यात माझ्या आधीच्या, त्याच्या आधीच्या सरपंचाच्या काळातले पॅरे शिल्लक होते. ज्यानं खर्च केला तो वारला, ज्यानं सही केली तो निवृत्त झाला, आणि पॅरा जिवंत होता. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

आणि गावाला तर तो कळतच नाही. कायद्यात आहे बरं का. ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ८ सांगतं की आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे जमाखर्च, प्रशासनाचा अहवाल आणि मागची लेखापरीक्षेची टिपणी व तिला दिलेली उत्तरं ठेवायची. मला हे सरपंच झाल्यावर तिसऱ्या वर्षी कळलं. तोवर आमच्याकडे विषयपत्रिकेवर ‘लेखापरीक्षण अहवालाचे वाचन’ असं लिहून पुढे ‘वाचन करून कायम’ असं लिहायची पद्धत होती. वाचलं कुणीच नव्हतं.

आदिवासी विकासाच्या योजनांचं आठवून बघा. २००४ ते २००९ या काळातल्या वाटपाच्या चौकशीसाठी उच्च न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती गायकवाडांची समिती नेमावी लागली, तिचा अहवाल २०१७ ला आला. त्या पाच वर्षांत हिशेब तपासणारी यंत्रणा नव्हती का? होती. ज्या पाड्यावर वस्तू पोचायची होती तिथल्या माणसाला पहिल्याच वर्षी माहीत होतं की ती पोचली नाही. त्याला कुणी विचारलं नाही आणि त्याच्यासमोर यादी कुणी वाचली नाही. कोर्टात जायला कित्येक वर्षं लागली. मग तुमची प्रबोधिनी यात काय करणार? ज्ञान कमी पडलं म्हणून हे झालेलं नाही. लिहिणाऱ्याच्या लिहिण्याला वजन नाही म्हणून झालं. तपासणारा आणि ज्याचं तपासायचं तो, दोघंही शेवटी एकाच सरकारचे नोकर. वजन येणार कुठून?

आग्रही : वजनाची गोष्ट आपल्याकडे जुनी आहे. पेशवाईत महालाचा कारभार मामलेदाराकडे असे, पण त्याच्या सोबत दरकदार, म्हणजे ठरलेल्या हुद्द्यांचे अधिकारी, असत. दिवाण, मजुमदार, फडणीस, दप्तरदार, पोतनीस, चिटणीस. मामलेदाराला त्यांना काढून टाकता येत नसे. त्यांच्या दरकाबाहेरचं काम त्यांच्याकडून करवून घेता येत नसे. म्हणजे हिशेब लिहिणारा आणि तपासणारा हा खर्च करणाऱ्याच्या मर्जीवर नव्हता. तुम्ही मागता ते स्वातंत्र्य हेच ना? आणि पुण्याच्या हुजूर दफ्तरात चालते दफ्तर वेगळं आणि एकबेरीज दफ्तर वेगळं. एकबेरीज म्हणजे सगळ्या महालांचे हिशेब एका जागी आणून, वर्गवार लावून, मागचे ताळेबंद पुढच्याशी पडताळून पाहण्याची जागा. वर्ष सुरू होताना अंदाजाचा बेहडा, वर्ष संपल्यावर त्याच्याशी ताळा. अठराव्या शतकात हे चालत होतं.

पण ते पुढे कसं मोडलं तेही बघा. दरक वंशपरंपरेचे झाले. बापाचा दरक मुलाला. मुलाला हिशेब येतो का, हे विचारायची सोय राहिली नाही. स्वातंत्र्य होतं, कसब उरलं नाही. मग दुसऱ्या बाजीरावानं मामलती मक्त्यानं दिल्या, जो जास्त बोली लावील त्याला, आणि दफ्तराची रया गेली. म्हणजे दोन्ही लागतं, ताई. वजन लागतं आणि विद्याही लागते. विद्या नसलेल्या माणसाला वजन दिलं तर ते वतन होतं.

साशंक : मक्त्याची आठवण काढलीत म्हणून विचारते. आता काय चाललंय? सोसायट्यांचंच बघा. पूर्वी सहकार खात्याचा लेखापरीक्षक यायचा. आवडो न आवडो, तो आपण निवडलेला नसायचा. घटनेची ९७ वी दुरुस्ती झाली, मग २०१३ ला राज्याचा कायदा बदलला, आणि आता सोसायटीनं वार्षिक सभेत नामतालिकेतून स्वतःचा लेखापरीक्षक नेमायचा. ज्याचा हिशेब तपासायचा तोच तपासणारा निवडतो, आणि त्याची फीही तोच देतो. जीडीसी अँड ए पास झालेली हुशार मुलं त्या नामतालिकेत आहेत, मी ओळखते काहींना. परीक्षा कठीण आहे, अभ्यास करून पास झालीत ती. पण एखाद्यानं कडक अहवाल लिहिला तर पुढच्या वर्षी त्या सोसायटीत त्याचं नाव सुचवायला कुणी उभं राहत नाही. त्याला कुठल्या प्रबोधिनीत शिकवणार तुम्ही? त्याला सगळं येतं. त्याला पोट आहे.

आग्रही : हे दुखणं फक्त आपलं नाही. इंग्लंडमध्ये १९८३ ला स्थानिक संस्थांच्या तपासणीसाठी ऑडिट कमिशन आलं. चांगलं चाललेलं ते २०१५ ला बंद केलं आणि काम खासगी फर्मकडे गेलं. स्पर्धेनं फी उतरली. सार्वजनिक हिशेब समजणारी माणसं फर्मना टिकवता येईनात, नवी तयार होईनात. सप्टेंबर २०२३ अखेरीला नऊशेच्या वर लेखापरीक्षणं थकलेली होती. मग २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा स्वतंत्र सार्वजनिक कार्यालय उभं करायचं ठरलं. यातून मी जो धडा घेतो तो तुमच्यापेक्षा वेगळा आहे. नगरपालिकेचा किंवा पंचायतीचा हिशेब ही वेगळी विद्या आहे, कंपनीचा ताळेबंद येतो म्हणून ती आपोआप येत नाही. ती विद्या सांभाळणारी जागा एकदा मोडली की दहा वर्षांत माणसं संपतात. ती संस्थेत राहते, पुस्तकात राहत नाही. मला प्रबोधिनी हवी ती यासाठी. माझ्यासारखे निवृत्त होतील तेव्हा विजेच्या बिलाची युक्ती माझ्याबरोबर घरी येऊ नये.

(मी लेखक म्हणून मध्येच एवढं नोंदवतो. दरकदारांच्या मुद्द्यापर्यंत मी आग्रहीच्या बाजूनं होतो. सोसायटीच्या लेखापरीक्षकाला ‘पोट आहे’ हे वाक्य ऐकल्यावर माझं तसं राहिलं नाही. पुढचं वाचताना वाचकानं हे लक्षात ठेवावं.)

साशंक : विद्या संस्थेत राहते म्हणता. मी तुम्हाला दुसरी विद्या दाखवते, आपल्याच तालुक्यातली. वाघाड धरण. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रानं नव्वदीच्या सुरुवातीला शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पुढे वाघाडचं सगळं लाभक्षेत्र अशा संस्थांच्या हातात आलं. त्यांनी काय केलं? पाणी मोजून घ्यायचं ठरवलं. एकरावर पट्टी नाही, घनमीटरवर. कालव्याच्या तोंडाशी किती सोडलं, शेतकऱ्यांपर्यंत किती पोचलं, मधे किती मुरलं. हा हिशेब कोण तपासत होतं? शेवटच्या टोकाचा शेतकरी. त्याला पाणी मिळालं नाही तर त्याला अहवाल लागत नव्हता. पाटावर उभा राहून पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि संस्थेच्या बैठकीत विचारायचा. पाणी वापर संस्थांचा २००५ चा कायदा नंतर आला. तिथे कुठली प्रबोधिनी होती?

राजस्थानातही तेच झालं. १९९४ ला अरुणा रॉय आणि मजूर किसान शक्ती संघटनेच्या लोकांनी मस्टर उघड्यावर वाचली. रोजगार हमीची योजना आपल्या महाराष्ट्राची, १९७२ च्या दुष्काळातली. पण मस्टर गावासमोर वाचायचं शिकवलं राजस्थाननं. हजेरीपत्रकावर मेलेल्या माणसाचं नाव होतं, आणि त्याला ओळखणारं गाव समोर बसलं होतं. अशी तपासणी कुठल्या लेखापरीक्षकाला जमेल? शिकवायचंच असेल तर गावाला शिकवा.

आग्रही : वाघाडच्या शेतकऱ्याला आकडा वाचायला कुणीतरी शिकवलं ना? पट्टीवरच्या उंचीवरून प्रवाह कसा काढायचा, घनमीटर म्हणजे किती, चारीत किती गळतं हे कुणीतरी पाटावर उभं राहून समजावलं. कार्यकर्त्यांनी समजावलं, काही चांगल्या इंजिनियरांनी समजावलं. तुम्ही त्याला शिक्षण म्हणत नाही, कारण तिथे फळा नव्हता. मला वणीला तसंच हवंय. तुम्ही इतका वेळ जी प्रबोधिनी नाकारताय ती मीही नाकारतो.

आणि एक कबूल करतो. बोलता बोलता माझं मत थोडं हललं. मी फक्त लेखापरीक्षकांचा वर्ग धरून चाललो होतो. आता वाटतं, त्या वर्गात अर्धी माणसं गावची पाहिजेत. भाऊसाहेब पाहिजेत, सरपंच पाहिजेत. बचत गटाच्या हिशेब लिहिणाऱ्या बाया पाहिजेत, त्यांना खतावणी आपल्या कित्येक सदस्यांपेक्षा चांगली कळते. पेसाच्या गावात पाच टक्के अबंध निधी थेट येतो, त्याचा हिशेब ठेवणारी माणसं पाहिजेत. तपासणारा आणि तपासून घेणारा एका बाकावर बसले तर दोघांना एकमेकांचं काम कळेल.

साशंक : इथे मात्र मी घाबरते. एका बाकावर बसतील, एका पंगतीला जेवतील, आणि सहा महिन्यांनी तपासणीला आल्यावर ‘आपले भाऊसाहेब’ म्हणतील. दरकदाराला मामलेदार काढू शकत नव्हता, कारण दोघांत अंतर ठेवलेलं होतं. तुम्ही ते अंतर वसतिगृहात मिटवणार. आणि अंतर ठेवाल तर पुन्हा तुमचा माणूस टाकीपर्यंत जाणार नाही, कारण टाकीचा रस्ता ओळखीच्या माणसाशिवाय सापडत नाही. याचं उत्तर मला सुचत नाही. तुम्हाला सुचतं का बघा.

आणखी एक आहे, ते बाहेरच्या माणसाला दिसत नाही. लेखापरीक्षणाला घाबरतो कोण? ज्याला पैसे खायचे आहेत तो घाबरत नाही. त्याची फाइल चकाचक असते, तो कागदावर खर्च करतो. घाबरते ती नवी निवडून आलेली बाई, जिला सही करताना कुणीतरी सांगितलेलं असतं की चुकलं तर वसुली निघेल, जमिनीवर बोजा चढेल. ती खर्चच करत नाही. निधी अखर्चित राहतो, वस्ती तहानलेली राहते, आणि तिच्या नावावर एकही आक्षेप नसतो. तुमच्या भाषेत ते स्वच्छ दप्तर. माझ्या शेजारच्या गावात अशी एक सरपंच होती. पाच वर्षांत तिच्यावर पॅरा नाही, आणि पाच वर्षांत गावात काम नाही. तुमच्या प्रबोधिनीतून आणखी तरबेज माणसं बाहेर पडली तर अशा बाया आणखी घाबरतील. माझी मोठी भीती ही आहे.

आग्रही : ही भीती मी दौऱ्यावर पाहिली आहे. माझ्यासमोर बसलेल्या बाईचे हात थरथरत होते, आणि तिच्या रोकडवहीत चूक होती ती बेरजेची, चोरीची नव्हती. मी तो पॅरा लिहिला. नियमाप्रमाणे लिहिला. चूक आणि लबाडी यांच्यात फरक करून लिहिण्याची जागा आमच्या नमुन्यात होती, पण ती भरायची कशी हे मला माहीत नव्हतं, आणि वसूलपात्र रक्कम काढली की काम झालं असं आम्ही मानत होतो. शिकायचं ते हेच. न झालेल्या खर्चावरही पॅरा लिहिता येतो, ताई. पाण्याला बांधून दिलेला निधी दोन वर्षं पडून आहे आणि वस्ती टँकरवर आहे, हा आक्षेप आहे. तो लिहिता आला पाहिजे. तसा लिहिला गेला तर तुमच्या शेजारच्या सरपंचाला खर्च न करणं सुरक्षित वाटणार नाही, आणि तुमच्यासारखीला खर्च करणं असुरक्षित वाटणार नाही. निदान मला तशी आशा आहे.

अंतराचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही. एक अर्धं उत्तर आहे. प्रबोधिनीत परीक्षा एकच ठेवायची. प्रशिक्षणार्थ्यानं एका गावाचा अहवाल लिहायचा आणि त्याच गावच्या ग्रामसभेत उभं राहून तो वाचायचा, गावच्या बोलीत. सुरगाण्याकडे असेल तर कोकणा बोलणाऱ्या माणसाला सोबत घेऊन. लोकांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देता आलं तर पास. कलम ८ मध्ये जे आहे ते खरंच करायचं. अहवाल वर जाईलच, पण आधी खाली जाईल. मग एका पंगतीला जेवला तरी चालेल, कारण गाव समोर बसलेलं असेल.

साशंक : आणि गावात निवडणूक असेल तेव्हा? सगळं वाचून दाखवलंत. ‘अमुक रक्कम आक्षेपाधीन’ एवढे तीन शब्द पुरतात. दुसऱ्या दिवशी पारावर त्याचं ‘सरपंचानं खाल्ले’ होतं. उत्तर द्यायच्या आधी माणूस संपतो. तुम्ही अर्धसमास पत्र देता तेव्हा बाजू मांडायला वेळ देता, कारण कागदाला राग येत नाही. ग्रामसभेला येतो. राजस्थानात मेलेल्या माणसाचं नाव सापडलं तिथे लबाडी उघड होती. पण दहातले आठ पॅरे असे नसतात. ते बेरजेचे असतात, तिकिटाचे असतात, उशिराच्या ठरावाचे असतात. ते लोकांत वाचले तर घाबरणाऱ्या बाईवर गाव तुटून पडेल. न वाचले तर टाकी कोरडीच राहील.

आग्रही : मग कुठले वाचायचे आणि कुठले नाही, हे ठरवायचं कुणी? लेखापरीक्षकानं ठरवलं तर त्याच्या हातात नवा दरक आला. सरपंचानं ठरवलं तर मक्ता झाला.

साशंक : सगळे वाचायचे. माझं म्हणणं तेच आहे, आणि मला ते पेलवत नाही तेही खरं आहे. तुम्हाला म्हणून सांगते. आमच्या गावच्या नमुना २७ मध्ये एक पॅरा अजून शिल्लक आहे, तो माझ्या काळातला आहे. त्याच टाकीचा. झाडूंच्या नंतर, दोन वर्षांनी, दुसरा एक तपासणारा आला होता. तो वस्तीवर गेला. त्यानं लिहिलं, टाकी वापरात नाही, खर्च निष्फळ. सही माझी आहे. ठेकेदार माझ्या दिराच्या ओळखीचा होता. मी पैसे खाल्ले नाहीत. पण पूर्णत्वाच्या दाखल्यावर सही करायच्या आधी मीही वस्तीवर गेले नव्हते, ऊन फार होतं. इतका वेळ मी तुमच्या माणसाला बोल लावला, म्हणून हे सांगणं भाग आहे.

आग्रही : उत्तर दिलंत का त्या पॅऱ्याला?

साशंक : उत्तर भाऊसाहेबांनी लिहिलं. ‘पाण्याचा स्रोत आटल्याने टाकी तात्पुरती वापरात नाही.’ स्रोत आटला नव्हता. पाइप वर चढवलाच नव्हता.

आग्रही : ते उत्तर बदलता येतं. नवं अनुपालन द्या, मी मसुदा करून देतो. ते मान्य झालं की मग ग्रामसभेपुढे दोन्ही एकत्र ठेवता येईल, आक्षेप आणि खरं उत्तर.

साशंक : मान्य व्हायला किती वर्षं लागतील ते तुम्ही जाणता. १ मेला ग्रामसभा आहे. वरच्या वस्तीच्या बाया येतात त्या सभेला. मला तो पॅरा आधी वाचायचाय, उत्तराशिवाय.

आग्रही : उत्तराशिवाय वाचू नका, ताई. हे मी तुमच्या बाजूनं सांगतो. आक्षेपासोबत बाजू असलीच पाहिजे, हा या कामाचा पहिला नियम आहे.

साशंक : तो तुमच्या कामाचा नियम आहे. वस्तीवरच्या बायांना तो लागू आहे का, हे मला अजून कळलेलं नाही.